पाणी ओसरल्यावर न विचारायचा प्रश्न

31 ऑगस्ट 2021 ची पहाट. रात्रभराच्या पावसाने तितूर आणि डोंगरी या नद्या जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावात शिरल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. पोळा आठवड्यावर आला होता, 6 सप्टेंबरला. ज्यांची जनावरं दावणीसकट वाहून गेली त्यांनी तो सण कसा काढला, याला पंचनाम्यात रकाना नसतो.

अशा वेळी चिखलात उभ्या असलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘त्या वेळी तुम्हाला काय वाटलं?’ माइक घेऊन आलेलेच विचारतात असं नाही. भेटायला आलेले पाहुणे आणि मदतीला आलेले कार्यकर्तेही विचारतात. बोलून टाकलं की मन मोकळं होतं, साचून राहिलं तर वाईट, अशी आपली पक्की समजूत.

शास्त्रज्ञांचीही तीच होती. 1983 मध्ये अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी ‘डीब्रीफिंग’ची पद्धत मांडली. ती मुळात आग विझवणारे, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी यांच्यासाठी होती. घटनेनंतर काही दिवसांतच सगळ्यांना बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते क्रमाने बोलायला लावायचं. कल्पना इतकी पटण्यासारखी होती की ती सरसकट आपद्ग्रस्तांवरही वापरली जाऊ लागली. मग कुणीतरी मोजून पाहिलं. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. 13 महिन्यांनी, ज्यांच्याकडून असं बोलून घेतलं होतं त्यांच्यापैकी 26 टक्के लोकांना आघातोत्तर तणावाचा आजार होता, म्हणजे तो प्रसंग पुन्हा पुन्हा मनात उभा राहून छळत होता. ज्यांना तसंच राहू दिलं, त्यांच्यात 9 टक्के. पहिल्या गटाच्या जखमा मुळात जरा जास्त होत्या, हेही सांगायला हवं. पण 2002 मध्ये अशा अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही एका बैठकीच्या डीब्रीफिंगने आजार टळतो असं दिसलं नाही. सक्तीने बोलायला लावणं थांबवा, असा निष्कर्ष निघाला.

असं का व्हावं? एक स्पष्टीकरण असं, की धोक्याच्या वेळी मेंदूतला अमिग्डाला हा भाग जागा होतो, शरीरात ॲड्रेनलिन उसळतं आणि त्या उसळीत आठवण खोल कोरली जाते. उसळी बसायच्या आतच माणसाला पुन्हा त्या रात्री नेलं, तर कोरणं आणखी खोल होऊ शकतं. एरवी बहुतेक जण हळूहळू आपसूक सावरतात. पहिले काही दिवस झोप न लागणं, दचकणं, अन्न नकोसं वाटणं हा आजार नव्हे. म्हणूनच आघातोत्तर तणावाचं निदान महिना उलटल्याशिवाय करत नाहीत.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सार तीन शब्दांचं: पाहा, ऐका, जोडा. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. कोण ओलं आहे, कोण एकटं बसलंय, कोणाचं मूल सापडत नाही, ते पाहायचं. तो बोलला तर ऐकायचं, गप्प राहिला तर शेजारी बसायचं. आणि त्याला त्याच्या माणसांशी, खऱ्या बातमीशी, रेशनशी जोडून द्यायचं. कोरडं लुगडं आणि चहाचा कप हाही उपचारच.

खऱ्या बातमीचं मोल पाचोरा तालुक्याने पाहिलं. 22 जानेवारी 2025 ला पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, घाबरून रुळांवर उतरलेल्यांना समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने उडवलं. मृतांत नेपाळचेही होते. अशा ठिकाणी वाचलेल्याला समुपदेशनाआधी हवा असतो चार्ज केलेला मोबाइल आणि आपली भाषा कळणारं कुणीतरी.

भाषेचा मुद्दा आपल्या घरातलाही आहे. अहिराणी बोलणारी बाई ‘मला नैराश्य आलंय’ म्हणणार नाही. ती म्हणेल, ‘मना जीव घाबरस, छातीमा धडधड व्हस.’ ऐकणाऱ्याला ते फक्त हृदयाचं दुखणं वाटलं, तर ती ईसीजी काढून घरी परत येते. सातपुड्यातल्या पावरा-भिल पाड्यांवर तर आधी भगताकडे जातात. त्याला टाळून तिथे काम होत नाही, असं माझं मत.

आणखी एक. गावकरी मिळून चिखल उपसत असतील, तर त्यांना बसवून ठेवू नये. आपल्या हाताने काही होतंय, गाव सोबत आहे, ही जाणीव सावरायला मोठा हात देते. छावणीत नुसतं रांगेत उभं करून ठेवलं की तीच हरवते.

खरी पाळत हवी ती गर्दी पांगल्यावर. महिन्याभरानंतरही रात्री तेच दिसतंय, दारू वाढलीय, कर्जाच्या बोलण्यात ‘मी नसलो तर’ असं येतंय, तर वाट पाहू नये. आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायचा तर मृगाच्या आधी रंगवावा. पूर येऊन गेलेल्या गावात पुढच्या पावसाळ्यात, पत्र्यावर पहिली जोराची सर वाजली की, कितीतरी घरांत दिवे लागतात.