बाळंतिणीचे वजन आणि दोन लाडवांचा हिशेब

बाळंतपणाच्या दिवशीच 5 ते 6 किलो वजन उतरते: बाळ 3 किलोच्या आसपास, वार अर्धा किलो, बाकी गर्भजल आणि रक्त. अंगात साठलेले पाणी पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत लघवी-घामावाटे जाते. किलोभर झालेली गर्भपिशवी आकसायला मात्र सहा आठवडे लागतात. तोवर खाणे कमी करायचे नाही.

उरते ती चरबी. रोज पाऊण लिटर दूध तयार व्हायला सुमारे 500 कॅलरी लागतात. 50 ग्रॅमचा, तूप-गूळ सढळ घातलेला डिंकाचा लाडू 250च्या घरात जातो. सकाळ-संध्याकाळ एकेक खाल्ला की दुधाचा खर्च तिथेच वसूल! वर खिचडीवर तेलाची धार आलीच. मग ‘अंगावर पाजते तरी उतरत नाही’ यात नवल नाही. लाडवाशी वैर नको. सव्वा महिन्यानंतर दोनाचा एक करावा, एवढेच.

ताटातली भाकरी काढू नका. उडीद घातलेली कळण्याची भाकरी नुसत्या ज्वारीपेक्षा जास्त प्रथिने देते. पहिले सहा महिने रोज सुमारे 17 ग्रॅम प्रथिने जास्तीची लागतात. एक अंडे, पेलाभर दूध आणि वाटीभर घट्ट वरण मिळून जवळपास तेवढी होतात. आठवड्याला अर्धा किलो उतरले तर पुरे. उपास करून झपाट्याने उतरवले तर थकवा येतो, दूधही कमी होऊ शकते.

पोट पुढे दिसते ते नेहमी चरबीमुळेच असे नाही. उताणे झोपून गुडघे वाकवा, डोके किंचित उचला, बेंबीच्या वर बोटे आडवी ठेवून दाबा. दोन बोटांहून जास्त फट लागली तर स्नायू फाकलेले आहेत. झोपून धड उचलायचे (सिट-अप) किंवा पोटाचे जोरकस व्यायाम केल्यास तिथे ताण वाढतो. पोट करकचून बांधल्याने चरबी हलत नाही, उलट ओटीपोटाच्या तळावर दाब पडतो. तिथले स्नायू लघवी रोखल्यासारखे 5 अंक आवळा, 5 अंक सोडा. असे 10 वेळा, दिवसातून तीनदा. चालणे 10 मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वाढवा. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात ते पहाटेच. सिझेरियन असेल तर व्यायाम डॉक्टरांना विचारूनच.

चालल्यावर रक्तस्राव वाढला किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि वजन हटून बसले, केस गळतात, सतत थंडी वाजते, असे असेल तर आहार आणखी तोडण्याआधी थायरॉईड तपासून घ्या.