डायल मूळची आहे का? घड्याळ दाखवायला आणण्याआधी हे वाचा

जुनं चावीचं घड्याळ घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "डायल ओरिजिनल आहे ना?" कुणाला आजोबांच्या पेटीत फाव्हर ल्यूबा सापडलेलं असतं, कुणी जुन्या बाजारातून एचएमटी उचललेलं असतं, कुणाचं वेस्ट एंड कालच कुरिअरने आलेलं असतं. काउंटरवर उभ्या उभ्या आम्ही उत्तर देत नाही आणि त्यावरून ग्राहक कधी कधी नाराज होतात. म्हणून आम्ही काय बघतो आणि तुम्ही काय टाळायला हवं, ते इथे लिहून ठेवतो आहोत. मशीन, चावी, काटे, केस हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत असं धरलं आहे.

सगळ्यात आधी: पुसून आणू नका

आमचा सर्वात जास्त वेळ जातो तो घरी साफ करून आणलेल्या घड्याळांवर. हेतू चांगला असतो. दुकानात दाखवायचं तर जरा नीट दिसावं, म्हणून काच उचकटून काढली जाते आणि डायलवर कापूस फिरवला जातो. कापसाला कधी स्पिरिट लावलेलं असतं, कधी चष्म्याचं लिक्विड, कधी टूथपेस्ट. चांदीची आहे असं वाटून लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावलेल्या डायल्सही आमच्याकडे आल्या आहेत.

जुनी डायल म्हणजे बहुधा पितळेची पातळ चकती. तिच्यावर चांदीचा किंवा रंगाचा थर, त्यावर लॅकर, म्हणजे पारदर्शक वॉर्निश, आणि छपाई. कित्येक डायल्सवर छपाई लॅकरच्याही वर असते, म्हणजे कंपनीचं नाव, मिनिटांच्या रेषा, खालची बारीक अक्षरं यांना कसलंच आवरण नसतं. पन्नास-साठ वर्षांनी ती शाई नुसत्या ओल्या कापसानेही सुटते आणि एकदा सुटली की परत येत नाही.

साताऱ्याहून एक गृहस्थ वडिलांचं सी चीफ, म्हणजे फाव्हर ल्यूबाचंच एक मॉडेल, घेऊन आले होते. डायल मधोमध लखलखत होती आणि त्या लखलखीत भागात चांदी उडून खालचं पितळ पिवळं दिसत होतं. मशीनमधल्या खड्यांची संख्या सांगणारी 'ज्वेल्स'ची ओळ अर्धी गेली होती. डायल बाहेर काढली, तर केसच्या कडेखाली जो भाग झाकलेला राहतो तिथे बारीक दाण्याची मूळ चांदी अगदी शाबूत होती आणि मिनिटांच्या रेषांची टोकं सुईसारखी सरळ. म्हणजे पुसण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती डायल कारखान्यातून आली तशीच होती. त्या घरासाठी ती फार मोलाची होती आणि संग्राहकाच्या हिशेबानेही होती.

पुसण्याने डायल बिघडते, शिवाय तपासणीचे पुरावेही जातात. वर्षानुवर्षं एकाच जागी थांबलेल्या काट्यांची सावली, लॅकरचा सगळीकडे सारखा आलेला पिवळेपणा, काचेच्या कडेने साचलेली धुळीची रेघ, या सगळ्यावरून डायल त्या घड्याळात किती काळ बसली आहे याचा अंदाज येतो. हे शाबूत असेल तर बरंचसं उत्तर भिंगाखाली लगेच मिळतं. नसेल तर डायल सोडवून पाठ बघावी लागते, त्याच मॉडेलची दुसरी घड्याळं काढून ताडून पाहावी लागतात आणि इतकं करूनही शेवटी "नक्की सांगता येत नाही" असं लिहून द्यायची वेळ येऊ शकते.

म्हणून विनंती: घड्याळ जसं सापडलं तसंच आणा. धूळ असू द्या, काचेवर ओरखडे असू द्या. चावी अडकली असेल तर जोर लावू नका. केसलाही पॉलिश करून आणू नका. सोन्याचा मुलामा मायक्रॉनमध्ये मोजतात, पॉलिशच्या चाकाच्या, म्हणजे बफच्या, एका फेरीत कोपऱ्यावरचा उडतो.

भिंगाखाली काय दिसतं

रीडायल म्हणजे जुनी डायल नव्याने रंगवणं. ते करताना जुना थर खरवडून किंवा रसायनाने काढतात, नवा रंग मारतात आणि पुन्हा छापतात. कोरीव काम असलेल्या जुन्या दारावर ऑइलपेंट मारलं की नक्षी जागेवरच राहते पण कडा बुजतात, तसंच इथे होतं. त्यामुळे आमची नजर आधी कडांवर जाते. सहाच्या जागी सेकंदाची छोटी तबकडी असेल तर तिच्यात बारीक गोल रेषा कोरलेल्या असतात. कारखान्याच्या डायलवर त्या प्रकाश फिरवला की मोजता येतील इतक्या स्पष्ट असतात, रीडायलमध्ये रंगाखाली गाडल्या जातात. तारखेची खिडकी असेल तर तिच्या कोपऱ्यांत रंग साचतो. धातूचे आकडे बसवलेले असतील तर त्यांच्या बुडाशी रंगाची सूक्ष्म कड दिसते, आणि काढून परत बसवताना एखादा आकडा किंचित कलतो.

मग छपाई. मूळ छपाईत शाई जराशी उचललेली असते आणि अक्षराची कड भिंगाखालीही तुटत नाही. नंतरच्या छपाईत शाई पसरते, जाड-बारीक होते. मिनिटांच्या साठ रेषांपैकी तासाच्या रेषा आकड्याच्या बरोबर मध्यावर येतात का, हे आम्ही बाराही आकड्यांपाशी पाहतो. एक-दोन आकड्यांशी जुळून पुढे घसरत गेलेल्या असतील तर शंका पक्की होत जाते. स्विस घड्याळात सहाच्या खाली अगदी काठावर 'स्विस' किंवा 'स्विस मेड' असतं. रीडायल करणारे पुष्कळदा ते गाळतात किंवा जागा सोडून वर छापतात.

त्या अक्षरांच्या दोन्ही बाजूंना रोमन 'टी' असेल तर अर्थ असा की रात्री चमकणाऱ्या रंगात ट्रिटियम हा किरणोत्सर्गी पदार्थ आहे. ही खूण साधारण १९६०च्या दशकापासून दिसू लागते. म्हणून विकणाऱ्याने घड्याळ १९५०च्या आसपासचं सांगितलं असेल आणि डायलवर दोन 'टी' असतील, तर एकतर वर्ष चुकीचं आहे किंवा डायल नंतरची आहे. काट्यांतला रंग आणि आकड्यांवरचा रंग एकसारखा जुना झाला आहे का, तेही पाहतो. आकडे तपकिरी आणि काटे पांढरेशुभ्र असतील तर दोन्हींपैकी काहीतरी बदललेलं आहे.

डायलच्या कडेला कानशीने केलेली छोटी खाच असेल तर ती बहुधा रीडायल करणाऱ्याने जुळणीसाठी केलेली असते. व्हिडिओ पाहून आलेले ग्राहक ही खाच आवर्जून दाखवतात. काही कंपन्यांच्या मूळ डायल्सनाही खाच असते, म्हणून एकट्या खाचेवर आम्ही निकाल देत नाही. पाठ जास्त बोलते. पाठीवर रंगाचे ओघळ, हाताने कोरलेला कामाचा नंबर किंवा पुन्हा डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेले डायलचे पाय, म्हणजे तिला मशीनवर धरणाऱ्या पिना, दिसले तर डायल कधीतरी बाहेर काढून कामाला गेलेली आहे.

जुनाट दिसते म्हणून मूळची असेल असं नाही

हा गैरसमज फार पसरलेला आहे. १९७५ साली रंगवलेली डायलही आज पन्नास वर्षांची झाली आहे. तिच्यावरही डाग पडतात, तीही पिवळी होते. उलट कपाटात बंद राहिलेली मूळ डायल आजही कोरी दिसू शकते. वयाचा अंदाज वेगळा आणि कारखान्याची छपाई ओळखणं वेगळं. पहिल्यावरून दुसरं ठरवू नका.

एचएमटीच्या बाबतीत

सर्वाधिक फसगत इथे होते. एचएमटीने १९६१मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता आणि पायलट ही सगळ्यांची लाडकी मॉडेल्स ०२३१ या एकाच चावीच्या मशीनवर चालतात. त्यामुळे जनताच्या मशीनवर पायलटची डायल चढवणं कुठल्याही कारागिराला अवघड नाही. जानेवारी २०१६मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, तेव्हापासून मागणी वाढली आणि बाजारात भडक रंगांच्या ताज्या डायल्सचा सुळसुळाट झाला.

देवनागरी आकड्यांचं जनता मागणारे आमचे बरेच ग्राहक आहेत आणि त्यांची ओढ आम्हाला समजते, कारण आपल्या लिपीत वेळ दाखवणारं ते घड्याळ खरोखर देखणं आहे. ते घेताना 'जनता' या शब्दाची शिरोरेषा भिंगाखाली बघा. मूळ छपाईत ती एका जाडीची, सलग असते. नकलेत अक्षर जिथे रेषेला मिळतं तिथे शाईचा ठिपका फुगतो. आकड्यांची वळणंही बघा, ५ आणि ८ यांत हात लवकर चुकतो.

आणखी एक गोष्ट. डायल कंपनीचीच, अस्सल छपाईची, पण त्या घड्याळात नंतर बसवलेली, असंही असतं. सर्व्हिससाठी कंपन्या सुट्या डायल्स पुरवत असत. अशी डायल खोटी नाही, तरी ते घड्याळ जन्मापासून तसं होतं असंही म्हणता येत नाही. आमच्या चिठ्ठीत आम्ही हा फरक स्पष्ट लिहितो, कारण संग्राहकाच्या किमतीत त्याने फरक पडतो.

रीडायल म्हणजे फसवणूक नव्हे

मुंबई-कोकणातल्या हवेत घड्याळाच्या डायलला चार पावसाळे काढणंही जड जातं. केसच्या जुन्या पॅकिंगमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रिंगमधून, बाष्प आत शिरलं की लॅकरला भेगा पडतात, हिरवट ठिपके येतात. त्या काळी घड्याळ रोज वापरायची वस्तू होती. डायल खराब झाली की घड्याळजी ती रंगवून देत आणि मालक खुशीने घेऊन जात. त्या कारागिरांपैकी काहींचा हात इतका सफाईदार होता की आजही भिंगाखाली थांबून बघावंसं वाटतं. वडिलांचं घड्याळ रीडायल निघालं म्हणून त्याची माया कमी व्हायचं कारण नाही. आक्षेप एवढाच, की रीडायल घड्याळ मूळचं म्हणून मूळच्या किमतीला विकू नये.

आमच्याकडेही डायलचं काम करून मिळतं, पण मूळ छपाई वाचता येत असेल तर आम्ही ती रंगवायला आधी नाही म्हणतो. डाग असलेली मूळ डायल ठेवून फक्त मशीनची सर्व्हिसिंग, नवी काच आणि नवं पॅकिंग करा, असा आमचा सल्ला असतो. त्यात आमचं बिल कमी होतं, पण काही वर्षांनी तेच ग्राहक दुसरं घड्याळ आमच्याकडेच घेऊन येतात. डायल अगदीच गेली असेल आणि रंगवायचं ठरलं, तर काम सुरू करण्याआधीचे फोटो बिलासोबत देतो, म्हणजे पुढे ते घड्याळ कुणाच्या हाती गेलं तरी खरं काय ते कळेल.

फोटोवरून का सांगत नाही आणि शुल्क का घेतो

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोत बारीक रेषा दबून जातात. काचेवरचा ओरखडा डायलवरची भेग वाटतो. वर सांगितलेल्या खुणांपैकी निम्म्या काचेआड दिसतच नाहीत. फोटोवरून आम्ही फार तर "घेण्याआधी प्रत्यक्ष बघा" किंवा "हे टाळा" इतकंच सांगू शकतो, आणि तेवढं विनामूल्य सांगतो. फोटो पाठवताना खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, एक समोरून आणि एक तिरका काढा. विकणाऱ्याकडून उघडलेल्या बॅकचा, म्हणजे मशीनचा, फोटो मागून घ्या. तो द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर व्यवहाराची घाई करू नका.

प्रत्यक्ष तपासणीला शुल्क आहे, कारण त्यासाठी मशीन केसबाहेर काढावं लागतं, काटे उतरवावे लागतात आणि परत बसवताना एकही ओरखडा पडू नये याची जबाबदारी आमची असते. नंतर सर्व्हिसिंग आमच्याकडे केलंत तर हे शुल्क बिलातून वजा होतं. घड्याळ तुमच्यासमोर उघडलं जातं, आतली स्थिती तुम्हाला भिंगातून दाखवली जाते आणि मगच पावती बनते. निष्कर्ष फोटोसह लेखी मिळतो. त्यावर किंमत लिहीत नाही. काय आहे ते आम्ही सांगतो, किती द्यायचे ते घेणाऱ्याने ठरवावं.

एक सूचना सुरक्षिततेची. जुन्या घड्याळांतल्या चमकणाऱ्या रंगात रेडियम असू शकतं. रंग अंधारात चमकत नसला तरी किरणोत्सर्ग चालूच असतो, कारण थकतो तो त्यातला चमकणारा पदार्थ, रेडियमचं अर्धआयुष्य मात्र सुमारे १६०० वर्षांचं आहे. बंद घड्याळ तपासणीला आणायला हरकत नाही. पण काच काढून तो रंग नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका, त्याची पूड श्वासात जाता कामा नये. आकड्यांवरचा रंग सुटून काचेत सांडलेला दिसत असेल तर घड्याळ हलवू नका, झिपच्या पिशवीत बंद करा आणि येण्याआधी दुकानात फोन करा, म्हणजे आम्ही वेगळं टेबल तयार ठेवू.

येताना जुनं बिल, गॅरंटी कार्ड, डबी, काही असेल ते सोबत आणा. घरातल्या कुणाच्या लग्नातल्या फोटोत ते घड्याळ मनगटावर दिसत असेल तर तो फोटोही आणा. डायलचा रंग आणि आकड्यांची ठेवण त्यात ओळखू आली तर तपासणीत आम्ही तो पुरावा म्हणून धरतो.