हळदीच्या कॅप्सूलमागे पुरावा किती?

पुण्यात कुठल्याही मेडिकलमध्ये गेलात तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांशेजारी आता हळदीच्या कॅप्सूलची बाटली असतेच. ‘कर्क्युमिन 95 टक्के, पायपरिनसह’ असं वर लिहिलेलं असतं. कर्क्युमिन म्हणजे हळदीतलं पिवळं रसायन, पायपरिन म्हणजे मिरीतलं तिखट. गुडघेदुखी, प्रतिकारशक्ती, विसरभोळेपणा, यकृत, सगळ्यांवर ती चालते म्हणतात. घेणाऱ्याचा हिशेब सरळ असतो: हळद आपली आहे, हजारो वर्षं पोटात जाते आहे, आणि अमेरिकेलाही शेवटी ती मान्य करावी लागली. यातल्या पहिल्या दोन गोष्टी हळदीबद्दल खऱ्या आहेत, कॅप्सूलबद्दल नाहीत. तिसरी मुळातच खरी नाही, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

मार्च 1995 मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळदीचा वापर’ यावर पेटंट दिलं. त्याच वर्षी डॉ. रघुनाथ माशेलकर पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सोडून सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक म्हणून दिल्लीला गेले होते. 1996 मध्ये सीएसआयआरने या पेटंटला आव्हान दिलं. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले आणि जुन्या नियतकालिकांतले मिळून 32 संदर्भ पुढे ठेवले. त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा एक लेखही होता. ऑगस्ट 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. पुढे 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं, त्यालाही हेच प्रकरण कारण झालं. मराठी वाचकांना ही ‘हळदीघाटीची लढाई’ म्हणून चांगली ठाऊक आहे, आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती होती.

पण त्या निकालाने सिद्ध काय झालं? पेटंट मिळायला शोध नवा असावा लागतो. हळदीचा हा उपयोग नवा नाही, आमच्याकडे तो आधीपासून लिहून ठेवलेला आहे, एवढंच सीएसआयआरला दाखवायचं होतं आणि तेवढंच दाखवलं गेलं. हळदीने जखम खरोखर किती लवकर भरते, हा प्रश्न त्या खटल्यात कुणी तपासलाच नाही, तपासायची गरजही नव्हती. उपयोग जुना आहे याचा पुरावा लोकांनी गुण येतो याचा पुरावा म्हणून वाचला. जाहिरातवाल्यांनी तो समज दुरुस्त करण्याचं काही कारण नव्हतं.

कर्क्युमिनचा इतिहास हळदीच्या मानाने अगदी अलीकडचा. फ्रान्समध्ये व्होगेल आणि पेल्तिए यांनी 1815 मध्ये हळदीतून पिवळा रंग वेगळा काढला. त्याची रासायनिक रचना 1910 मध्ये पोलिश रसायनशास्त्रज्ञांनी सांगितली. औषध म्हणून त्याकडे नीट पाहिलं गेलं ते लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत: 1973 मध्ये श्रीमल आणि धवन यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा सूज कमी करणारा गुण नोंदवला. अँटिऑक्सिडंट हे बिरूद 1976 च्या एका निबंधापासून चिकटलं. मग 1995 पासून टेक्सासच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात भरत अगरवाल यांच्या प्रयोगशाळेतून कर्क्युमिनवर निबंधांची रांग लागली. सूज आणि कर्करोग यांच्याशी संबंध असलेल्या पेशींतल्या एका महत्त्वाच्या यंत्रणेला कर्क्युमिन आवर घालतं, असा त्यांचा गाभा होता. जगभरच्या हजारो निबंधांनी त्यांचे दाखले दिले. नंतर या निबंधांतल्या चित्रांवर शंका निघाल्या आणि वीसहून अधिक निबंध मागे घेतले गेले. मागे घेतलेल्या निबंधाचा दाखला मात्र कुणी मागे घेत नाही. बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात तो आजही सुखाने नांदतो.

अँटिऑक्सिडंट या कल्पनेचीही अशीच गत झाली. डेन्हम हार्मन यांनी 1956 मध्ये म्हातारपणाचं कारण मुक्त मूलकांत शोधलं. शरीराच्या रोजच्या चयापचयात हे अस्थिर रेणू तयार होतात आणि पेशींची नासधूस करतात, असं ते मत. मग त्यांना निकामी करणारे पदार्थ खाल्ले की झालं, हा पुढचा तर्क इतका सोपा होता की तो तपासण्याआधीच बाजारात गेला. तपासला तेव्हा वेगळंच निघालं. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटिन रोज 20 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त आढळला. हा निकाल 1994 चा. अमेरिकेतली तशीच एक चाचणी जानेवारी 1996 मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. मुक्त मूलकं नुसती खलनायक नसतात. जंतूंना मारायला पांढऱ्या पेशी तीच वापरतात, व्यायामाने स्नायूंना मिळणारा संदेशही काही अंशी त्यांच्यामार्फत जातो. खाद्यपदार्थांची अँटिऑक्सिडंट ताकद आकड्यांत सांगणारी ‘ओरॅक’ची यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. परीक्षानळीतल्या या आकड्याचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दिसत नाही आणि कंपन्या जाहिरातीत त्याचा गैरवापर करतात, हे कारण त्यांनी उघड सांगितलं. त्यामुळे एखाद्या बाटलीवर आजही ओरॅकचा आकडा दिसला, तर तो कंपनीविषयीच काहीतरी सांगतो.

खरी अडचण पोटात सुरू होते. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. जे थोडं विरघळतं ते रक्ताएवढ्या आम्लतेच्या साध्या द्रावणात, शरीराच्या तापमानाला, अर्ध्या तासात नव्वद टक्के तुटून जातं. आतड्याच्या भिंतीतून जे आत शिरतं त्याला आतडं आणि यकृत लगेच ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून बाहेरचा रस्ता दाखवतात. तैवानमधल्या 2001 च्या चाचणीत लोकांनी रोज 8 ग्रॅम कर्क्युमिन घेतलं. रक्तातली कमाल पातळी सरासरी 1.77 मायक्रोमोलर (द्रावणातल्या रेणूंचं प्रमाण मोजायचं एकक) भरली. परीक्षानळीतले चमत्कार बहुधा 5 ते 50 मायक्रोमोलरला दिसतात. शिवाय ही 8 ग्रॅमची गोष्ट झाली, बाजारातली कॅप्सूल अर्ध्या ग्रॅमची असते.

यावर उतारा म्हणून मिरी आली. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या 1998 च्या अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तेव्हा शोषण 2,000 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. हा आकडा पुढे प्रत्येक बाटलीवर आला. त्याच निबंधातलं दुसरं वाक्य मात्र बाटलीवर येत नाही: नुसतं कर्क्युमिन दिल्यावर रक्तातली पातळी इतकी कमी होती की ती मोजताच येत नव्हती किंवा जेमतेम मोजता येत होती. जवळजवळ शून्याची वीस पट म्हणजेही फार काही नाही. आज ‘इतक्या पट जास्त शोषण’ सांगणाऱ्या नव्या उत्पादनांतही हीच मेख असते, आणि वर आणखी एक. बऱ्याच अभ्यासांत रक्ताच्या नमुन्यात आधी एक एन्झाइम घालून ग्लुक्युरोनिक आम्ल तोडतात आणि मग मोजतात. म्हणजे शरीराने निकाली काढलेलं कर्क्युमिनही हिशेबात धरलं जातं. आकडा फुगतो, मोकळं कर्क्युमिन होतं तेवढंच राहतं.

मग परीक्षानळीत ते इतकं गुणी का दिसतं? 2017 मध्ये नेल्सन आणि सहकाऱ्यांनी औषधी रसायनशास्त्राच्या अंगाने याची सविस्तर तपासणी केली. कर्क्युमिन स्वतः चमकतं, त्यामुळे प्रकाश मोजणाऱ्या चाचण्या चुकतात. ते धातूंना धरतं, प्रथिनांना रासायनिक बंधाने चिकटतं, पेशींच्या आवरणात घुसून ते बिघडवतं. अशा रेणूची चाचणी जवळपास कशावरही घ्या, ‘परिणाम दिसला’ असंच उत्तर येतं. तोवर माणसांवर 120 हून अधिक चाचण्या झाल्या होत्या. प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी, तुलना करणाऱ्या आणि कुणाला काय दिलं हे डॉक्टर व रुग्ण दोघांपासून गुप्त ठेवलेल्या चाचण्यांपैकी एकीलाही यश मिळालेलं नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तो जरा जास्तच कडक आहे, असं आमचं मत. गुडघ्याच्या संधिवातात थोडं काही हाती लागतं. थायलंडमध्ये 367 रुग्णांवर चार आठवड्यांची चाचणी झाली. रोज 1,500 मिलिग्रॅम हळदीचा अर्क आणि 1,200 मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक यांनी दुखणं साधारण सारखंच कमी झालं. पण तिसरा, प्लासिबोचा गट त्यात नव्हता, आणि गुडघेदुखी आपोआपही वरखाली होते. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात 2020 मध्ये 70 जणांवर प्लासिबोसह बारा आठवड्यांची चाचणी झाली. शंभराच्या मोजपट्टीवर वेदना प्लासिबोपेक्षा सुमारे 9 अंकांनी अधिक उतरली. एमआरआयमध्ये सांध्यातली सूज मात्र होती तशीच राहिली. रुग्णाला जाणवेल न जाणवेल असा हा फरक आहे. पॅरासिटामॉलने भागत नाही आणि पित्तामुळे वेदनाशामक चालत नाहीत, अशा माणसाने डॉक्टरांना विचारून सहा-आठ आठवडे घेऊन पाहायला हरकत नाही. तेवढ्यात फरक पडला नाही तर बाटली बंद करावी.

बाकी ठिकाणी निराशाच आहे. अल्झायमरच्या 36 रुग्णांना 24 आठवडे रोज 2 किंवा 4 ग्रॅम दिलं, फरक पडला नाही. कॅनडात पोटातल्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेच्या 606 रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आगेमागे कर्क्युमिन दिलं, मूत्रपिंड वाचावं म्हणून. फायदा झाला नाहीच, उलट मूत्रपिंडाला इजा झालेल्यांचं प्रमाण प्लासिबोच्या 10 टक्क्यांसमोर 17 टक्के भरलं.

‘निदान अपाय तर नाही’ हे वाक्य आता बिनदिक्कत म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदणीत 2011 ते 2022 या काळात हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेले 10 रुग्ण नोंदले गेले. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एचएलए-बी*35:01 हा जनुकप्रकार होता. म्हणजे हा प्रकार सगळ्यांना नव्हे, पण काही विशिष्ट लोकांना मोठा धोका आहे, आणि आपण त्यांतले आहोत का हे कुणालाच आधी ठाऊक नसतं. इटलीतही अशा रुग्णांचा पुंजका आढळल्यावर तिथल्या आरोग्य खात्याने कर्क्युमिनच्या बाटलीवर यकृताला फायद्याचा दावा करायला मनाई केली. पायपरिन तर आतड्यातली आणि यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणाच मंदावतं. कर्क्युमिन वाढतं तसं फिट्सवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रानोलॉल, दम्यावरचं थिओफायलिनही रक्तात वाढतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्या एका रुग्णात हळदीच्या पूरकानंतर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा; तो फार वाढला की रक्तस्रावाचा धोका) 10 च्या वर गेल्याची नोंद न्यूझीलंडच्या औषध नियामकाने 2018 मध्ये जाहीर केली. पित्ताशयात खडे असतील तर वेगळीच भीती: 20 मिलिग्रॅम कर्क्युमिननेसुद्धा पित्ताशय आकुंचन पावतं.

आता लेबल. भुसार बाजारात मिळणाऱ्या हळदीत, मग ती सांगलीची राजापुरी असो की सेलम, कर्क्युमिन साधारण 2 ते 5 टक्के असतं. तीन टक्के धरले तर चहाचा चमचाभर, म्हणजे 3 ग्रॅम हळदीत ते 90 मिलिग्रॅम होतं. चार माणसांच्या आमटी-भाजीत मिळून एवढी हळद पडते. 95 टक्के अर्काच्या 500 मिलिग्रॅम कॅप्सूलमध्ये ते 475 असतं. दिवसाला दोन म्हणजे 950. हळकुंडाच्या हिशेबाने रोज 30 ग्रॅमहून जास्त हळद झाली, आणि तीही फोडणीतल्या तेलाशिवाय, जेवणाशिवाय. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची आंतरराष्ट्रीय मर्यादा वजनाच्या दर किलोला रोज 3 मिलिग्रॅम आहे. 60 किलोच्या माणसाला 180. ‘आपण हळद खातोच की’ हा युक्तिवाद इथे संपतो. उलट टोकही आहे: बाटलीवर ‘हळद 500 मिलिग्रॅम’ एवढंच असेल, अर्क हा शब्द नसेल, तर आत पंधरा-वीस मिलिग्रॅम कर्क्युमिन असलेली साधी पूड आहे आणि आपण डब्यातल्या हळदीचे कैक पट पैसे मोजतो आहोत.

आहारपूरक म्हणून विकलेल्या बाटलीवर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘औषधी वापरासाठी नाही’ हे शब्द असावेच लागतात. ते बहुधा मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतात आणि समोर गुडघ्याचं चित्र असतं. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेतलेली बाटली या नियमांत येत नाही, तिथे परवाना क्रमांक पाहावा.

रक्त पातळ करणारी, फिट्सची किंवा अवयवरोपणानंतरची औषधं चालू असतील, पित्ताशयात खडे असतील, गरोदरपण असेल, तर ही कॅप्सूल घेऊ नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर बाटली भूलतज्ज्ञांना दाखवावी. बरेच जण औषधांच्या यादीत ती सांगतच नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती हळदच असते. घेत असताना भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी बंद करून यकृताची रक्ततपासणी करावी. हे पहिल्या आठवड्यातच होईल असं नाही, काही महिन्यांनीही होतं, म्हणून ‘इतके दिवस तर सोसली’ असं म्हणून थांबू नये. कावीळ उतरल्यावर पुन्हा सुरू करून पाहणं सर्वांत धोक्याचं. बाटली फेकू नका: बॅच क्रमांक, पायपरिनचं प्रमाण आणि किती दिवस घेतली हे डॉक्टरांना लागतं, आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवतानाही तेच विचारतात.