संत्र्याचा डिंक्या आणि मुरलेलं खत

काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या खोडातून डिंक पाझरू लागला की ‘डिंक्या आला’ म्हणतात आणि बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायला घेतात. मलम लावायलाच हवं. पण डिंक वर दिसेपर्यंत खाली तंतुमुळं बरेचदा कुजू लागलेली असतात. दोन्ही दुखण्यांमागे एकच जीव असतो, फायटोप्थोरा.

बोलताना आपण त्याला बुरशी म्हणतो. त्याचं खरं नातं मात्र तपकिरी समुद्री शेवाळांशी आहे. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, याच्या भित्तिकेत मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोज. पाण्याची ओढ तर जुनीच. माती तुडुंब भिजली की याचे बीजाणू शेपट्या हलवत पोहतात आणि मुळांतून झिरपणाऱ्या साखरेचा, अमिनो आम्लांचा माग काढत मुळाशी पोचतात. नागपूरकडची भारी काळी जमीन पावसाळ्यात ओल सोडता सोडत नाही, त्यामुळे त्यांची सोयच होते.

यावर कंपोस्टचा काय उपयोग? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ॲव्होकॅडोच्या काही बागांत याच कुळातला फायटोप्थोरा मातीत होता, तरी झाडं ठणठणीत होती. त्या बागांत वर्षानुवर्षं भरपूर सेंद्रिय माल घातला गेला होता. तीच माती 100 अंशांच्या वाफेवर तापवल्यावर तिचं संरक्षण गेलं. म्हणजे राखण करत होते ते मातीतले जिवंत सूक्ष्मजीव.

ही राखण अनेक बाजूंनी चालते. मुळाभोवतीची साखर स्यूडोमोनास, बॅसिलससारखे जिवाणू आधीच फस्त करतात. काही जिवाणू मातीतलं लोह पकडून ठेवतात, म्हणजे ते रोगकारकाला मिळत नाही, काही प्रतिजैविकं सोडतात. ट्रायकोडर्मा ही बुरशी रोगकारकाच्या तंतूंना वेढे घालून त्यांची भित्तिका विरघळवते. मला सगळ्यात मजेशीर वाटते ती आणखी एक गोष्ट. पालापाचोळा, काडीकचरा कुजवणारे जीव सेल्युलोज तोडणारी विकरं (एन्झाइम) सोडतात आणि फायटोप्थोराच्या अंगातही सेल्युलोजच आहे! कचऱ्यासाठी सोडलेलं विकर त्यालाही बाधतं.

पण हे सगळं मुरलेल्या खताचं झालं. ढीग 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो तेव्हा बहुतेक रोगजंतू मरतात, पण त्यासोबत कामाचे जीवही बरेच जातात. ढीग थंड होताना ते पुन्हा वस्तीला येतात, आणि त्याला वेळ लागतो. आपल्याकडे उकिरड्यावरून काढून थेट आळ्यात टाकलेलं शेणखत पुष्कळदा अर्धकच्चं असतं. त्यातल्या आयत्या अन्नावर पिथियम, रायझोक्टोनियासारखे रोगकारक पोसले जातात. चार टोपली कच्च्या खतापेक्षा टोपलीभर मुरलेलं बरं. हाताला ऊब लागत असेल किंवा अमोनियाचा वास येत असेल, तर ढीग अजून तयार नाही.

ट्रायकोडर्मा द्यायचा तर अशाच मुरलेल्या, ओलसर खतात मिसळून द्यावा. त्याच सुमारास बुरशीनाशकाची आळवणी करू नये, म्हणजे त्याचं द्रावण मुळाशी ओतू नये. खत पसरायचं ते झाडाच्या घेराखाली, जिथे तंतुमुळं असतात. बुंध्याला ढीग लावला तर साल ओली राहते आणि डिंक्याला आमंत्रणच मिळतं. म्हणून दुहेरी आळं (खोडाभोवती एक, त्याबाहेर पाण्याचं दुसरं) करून पाणी खोडापासून लांब ठेवायचं आणि कलमाचा डोळा जमिनीच्या बराच वर ठेवायचा. उताराच्या दिशेने चर काढलेले नसतील आणि आळ्यात आठवडाभर पाणी तुंबत असेल, तर उत्तम कंपोस्टचाही फारसा उपयोग होणार नाही. चर आधी, खत नंतर.