लिंकन १८५८ साली मतपत्रिकेवर नव्हतेच
अमेरिकी सिनेटच्या (तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) जागेसाठी सात जाहीर वादसभा झाल्यावर इलिनॉय राज्याच्या मतदारांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे स्टीफन डग्लस यांना निवडून अब्राहम लिंकनना पाडले, ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते. पण मतपत्रिकेवर दोघांचीही नावे नव्हती! अमेरिकी सिनेटर तेव्हा राज्याचे विधिमंडळ निवडायचे. थेट मतदान आले १९१३ च्या १७ व्या घटनादुरुस्तीने. २ नोव्हेंबर १८५८ ला लोकांनी निवडले ते राज्याचे आमदार. राज्यभराच्या बेरजेत लिंकनचा रिपब्लिकन पक्ष थोडा पुढेच होता. मात्र मतदारसंघ जुन्या लोकसंख्येवर आखलेले, त्यामुळे झपाट्याने वाढलेल्या, रिपब्लिकनांचे बळ असलेल्या उत्तर भागाला जागा कमी पडल्या. शिवाय राज्य सिनेटच्या (राज्य विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाच्या) २५ पैकी १३ जागांवर त्या वर्षी निवडणूकच नव्हती, आणि त्यांत डेमोक्रॅट जास्त. ५ जानेवारी १८५९ ला विधिमंडळात मतदान झाले: डग्लस ५४, लिंकन ४६.