फडक्यातली मोकळी जागा

काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर दुपारचं कडक ऊन पडलं की बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक चऱ्यांची वर्तुळं दिसू लागतात. गाडी कुठं घासलेली नसते, कुणी ठोकलेली नसते. हे चरे पुसण्यातूनच पडलेले असतात. गंमत अशी की ते गोल नसतातच. ते सगळ्या दिशांनी गेलेले असतात, पण प्रतिबिंबाच्या भोवती जे आडवे येतात तेवढ्यांवरूनच प्रकाश परावर्तित होऊन आपल्या डोळ्यांत येतो आणि बाकीचे लपून राहतात. डोकं थोडं हलवलं की वर्तुळंही सरकतात, ती यामुळेच.

आजच्या गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी. गाडीची चमक या थराची, आणि खालच्या रंगाला अतिनील किरणांपासून सांभाळण्याचं कामही त्याचंच. पॉलिश करून चरे घालवता येतात हे खरं, पण पॉलिश म्हणजे चऱ्याच्या तळाशी पोचेपर्यंत आजूबाजूचा थर झिजवणं. तो थर परत येत नाही. म्हणून गाडी कशानं पुसायची याकडे मी फार गांभीर्यानं पाहतो.

ओरखडा फडकं काढत नाही, कण काढतो. कापूस काय किंवा पॉलिएस्टर काय, नुसतं फडकं निर्मळ पृष्ठभागावर हलक्या हातानं फिरवलं तर फारसं काही होत नाही. पण रस्त्यावरच्या धुळीत खनिजांचे कण असतात. खनिजांची कठिणता १ ते १० मध्ये सांगणाऱ्या मोह्स मापनश्रेणीवर क्वार्ट्झची, म्हणजे आपल्या गारगोटीची, कठिणता ७ आहे आणि खिडकीच्या काचेची सुमारे ५.५. क्लिअर कोट तर शेवटी प्लॅस्टिकच्या जातीचा थर. काचेपेक्षा तो कितीतरी मऊ. सह्याद्रीच्या काळ्या कातळात क्वार्ट्झ फारसं नसतं, पण त्यातल्या फेल्डस्पारची कठिणताही ६ च्या आसपास असते. खडी फोडण्याच्या क्रशरजवळून किंवा चालू असलेल्या रस्त्याच्या कामावरून आलेली गाडी हीच भुकटी अंगावर घेऊन येते. कोकणातल्या जांभ्याची तांबडी धूळ बोटाला मऊ लागते, तरी तिच्यातली लोहाची ऑक्साइडंही क्लिअर कोटला भारी पडतात.

आता हाताखाली काय घडतं ते पाहू. फडकं सपाट असेल तर कण फडकं आणि रंग यांच्यामध्ये अडकतो आणि हाताचा सगळा दाब त्या एका टोकावर येतो. फडक्याला लव असेल, आणि त्या लवेत पोकळी असेल, तर कण वर उचलला जाऊन आत शिरतो. दाब हजारो तंतूंवर वाटला जातो. टॉवेल चांगला की वाईट याचं उत्तर त्यामुळे धाग्यांमधल्या मोकळ्या जागेत आहे. टॉवेल निवडण्याचे आणि सांभाळण्याचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

पेट्रोल पंपांवर आणि सिग्नलला प्लॅस्टिकच्या लांबट डब्यात मिळणारा पिवळा शॅमॉय, म्हणजे पाणी टिपायचं गुळगुळीत फडकं, याच कसोटीवर मार खातो. तो पाणी उत्तम शोषतो, पण त्याला लवच नाही. धुऊन स्वच्छ झालेल्या गाडीवरचं पाणी टिपायला तो चालून जातो. धुळीच्या गाडीवर तो फिरवणं मात्र रंगावर अन्याय आहे. जुना बनियन आणि पिवळं फडकं यांचंही तेच. कापसाचा तंतू मुळात वाईट नाही. पण तो पाणी स्वतःच्या अंगात घेऊन फुगतो, त्यामुळे तंतूंमधली जागा बुजते, लव चपटी होते आणि धूळ वरच्यावर राहते.

मायक्रोफायबरचं वेगळेपण इथून सुरू होतं. धाग्याची जाडी मोजायला डेनियर हे माप वापरतात: ९,००० मीटर लांबीच्या तंतूचं वजन ग्रॅममध्ये. एक डेनियरपेक्षा बारीक तंतूला मायक्रोफायबर म्हणतात. रेशमाचा एकेरी तंतू साधारण एक डेनियरच्या थोडा वर असतो. पॉलिएस्टरच्या बाबतीत एक डेनियर म्हणजे सुमारे १० मायक्रॉन व्यास. जपानच्या तोरे कंपनीतले संशोधक मियोशी ओकामोतो यांनी याहून पुष्कळ बारीक तंतू काढण्याची युक्ती शोधली. एका पॉलिमरच्या तंतूत दुसऱ्या पॉलिमरचे अनेक सूक्ष्म तंतू ओवून घ्यायचे आणि नंतर बाहेरचं पॉलिमर विरघळवून टाकायचं. यातूनच १९७० मध्ये अल्ट्रास्वेड हे कृत्रिम स्वेड, म्हणजे मखमली चामड्यासारखं कापड, बाजारात आलं.

पुसण्याच्या टॉवेलांसाठी रूढ झाली ती जरा वेगळी रीत. पॉलिएस्टर आणि नायलॉन एकाच छिद्रातून असे ओढतात की तंतूच्या छेदात दोन्ही पदार्थ संत्र्याच्या फोडींसारखे आळीपाळीनं बसतात. हे दोन पदार्थ एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत आणि उष्णतेत सारखे आकसत नाहीत. कापड विणून झाल्यावर ते कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणातून काढलं की पॉलिएस्टरचा थोडा अंश झिजतो आणि फोडी सुट्या होतात. १६ फोडींचा तंतू धरला तर हिशेब सोपा आहे. मूळ गोल तंतूच्या परिघाला व्यासाच्या ३.१४ पट पृष्ठभाग होता. प्रत्येक चिरेनं दोन नवे काठ उघडे पडले, म्हणजे १६ चिरांनी व्यासाच्या आणखी १६ पट. एकूण पृष्ठभाग सुमारे सहापट झाला, आणि वजन जवळपास तेवढंच राहिलं. शिवाय फोडींच्या मध्ये अतिशय अरुंद फटी तयार झाल्या.

या फटी दोन कामं करतात. नळी जितकी बारीक तितकं केशाकर्षण जोरकस, म्हणून पाणी त्यांत आपोआप ओढलं जातं. पॉलिएस्टर आणि नायलॉन स्वतः फार थोडं पाणी पितात. पाणी राहतं ते तंतूंच्या मधे, म्हणून टॉवेल पिळला की पुन्हा कामाला तयार. दुसरं म्हणजे फोडींच्या धारदार कडा आणि वाढलेला पृष्ठभाग बारीक धूळ पकडून ठेवतात. या कडा रंगाला धोकादायक नाहीत, कारण त्या खनिजाच्या नाहीत, मऊ पॉलिमरच्या आहेत.

पण तंतू असा फोडींमध्ये फुटलेला नसेल तर यातलं काहीच होत नाही. पाकिटावर मायक्रोफायबर असं लिहिणं चुकीचं ठरत नाही, कारण न फुटलेला बारीक तंतूही व्याख्येत बसतो. स्वस्त टॉवेल इथंच फसवतात: हाताला मऊ आणि पाण्यापुढे निरुपयोगी. परीक्षा घरी करता येते. टॉवेल आधी एकदा धुऊन घ्या, कारण नव्या कापडावर कारखान्यातली तेलं आणि मऊपणासाठी लावलेली रसायनं असू शकतात. मग गुळगुळीत फरशीवर थोडं पाणी सांडा आणि टॉवेल त्यावरून सावकाश ओढा. चांगला टॉवेल पाणी पिऊन टाकतो. न फुटलेल्या तंतूचा टॉवेल ते पुढे ढकलत नेतो. चांगला टॉवेल कोरड्या, भेगाळलेल्या तळव्याला किंचित अडकतो; ती भावना काहींना नकोशी वाटते, पण तीच त्याची खूण आहे.

८०/२० की ७०/३० यावर गाडीवेडे लोक तासन्‌तास वाद घालतात. पहिला आकडा पॉलिएस्टरचा, दुसरा नायलॉनचा. नायलॉन पाण्याशी अधिक सलगी करतं आणि स्पर्शाला मऊ असतं, म्हणून ७०/३० महाग. माझं मत असं की तंतू नीट फुटलेला असेल आणि विणकाम चांगलं असेल तर ८०/२० च्या टॉवेलानं कुणाचं काही बिघडत नाही. नुसत्या या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत.

जीएसएम हा आकडा जास्त उपयोगी, आणि तो तपासताही येतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. ४० सेंमी बाय ४० सेंमी टॉवेल म्हणजे ०.१६ चौरस मीटर. तो ४०० जीएसएमचा असेल तर त्याचं वजन ६४ ग्रॅम भरलं पाहिजे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ४५ ग्रॅम दिसलं तर विक्रेत्यानं सांगितलेला आकडा खोटा आहे. मात्र जास्त जीएसएम म्हणजे सरसकट चांगलं असं नाही, काम पाहून आकडा ठरतो. काचेवर लांब लव ओलसर पट्टे सोडते, तिथं २०० ते ३०० जीएसएमचं, चौकड्यांच्या खाचांचं किंवा जवळजवळ सपाट विणीचं कापड हवं. वॅक्स आणि पॉलिश काढायला ३०० ते ४०० चं, आखूड लवेचं. शेवटचा हलका हात फिरवायला ५०० च्या आसपासचं, दाट आणि लांब लवेचं. पाणी टिपायला पीळ दिलेल्या फासांचे मोठे टॉवेल मिळतात, ते १,००० च्याही वर जातात. ते ओल्या बॉनेटवर पसरून नुसते ओढायचे, घासावं लागतच नाही. एकच टॉवेल घ्यायचा असेल तर मी ३५० ते ४०० चा, एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला लांब लव असलेला घेईन.

काठाकडे दुर्लक्ष होतं. मऊ टॉवेलाला कडक दोऱ्याची शिवण घातलेली असते, आणि दाब देऊन पुसताना तीच रंगाला लागते. काठावरून नख फिरवून पाहा. शिवणीविना कापलेले काठ किंवा साटीनची पट्टी लावलेले काठ बरे. लेबल असलंच तर शिवण उसवून पूर्ण काढून टाका, अर्धं कापलेलं लेबल अधिक टोचतं. गडद रंगाचा टॉवेल पहिल्या एक-दोन धुण्यांत रंग सोडू शकतो, म्हणून तो वेगळा धुवा.

अर्थात कुठलाही टॉवेल धुळीनं भरलेल्या गाडीवर कोरडा फिरवण्यासाठी नसतो. पोकळी भरली की पुढचा कण रंगावरच घासला जाणार. आपल्या सोसायट्यांमध्ये पहाटे गाड्या पुसायला येणाऱ्या माणसाकडे बहुधा एकच फडकं आणि एकच बादली असते, आणि त्यात अनेक गाड्यांची माती उतरलेली असते. दोष त्याचा नाही. त्याला मिळतं तेवढ्यात तो काम करतो. गाडीमालकानं आपल्या गाडीसाठी तीन-चार स्वच्छ टॉवेल त्याच्याकडे दिले, आणि रोजच्या कोरड्या पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा पाणी मारून धुण्याचं ठरवलं, तर त्याचे श्रम वाचतात आणि रंगही टिकतो. आधी पाण्यानं सुटी माती वाहून जाऊ द्यावी, मग शाम्पू. त्याच्या निसरड्या थरावरून उरलेले कण सरकून निघतात. पुसताना टॉवेलाची चार पदरी घडी घातली की आठ स्वच्छ बाजू मिळतात. बाजू मळली की पालटायची. हात गोल फिरवण्यापेक्षा सरळ रेषेत न्यावा, म्हणजे चुकून चरा पडलाच तर तो मोजक्याच कोनांतून दिसतो.

इतका चांगला टॉवेल बहुतेक वेळा धुण्यात मरतो. फॅब्रिक सॉफ्टनरमधले घटक तंतूंवर थर देऊन बसतात आणि फटी बुजवतात. मऊपणा वाढतो, शोषण संपतं. कपड्यांच्या साबणवडीत भरीला चुनखडीची भुकटी किंवा पांढरी माती घातलेली असते, ती लवेत अडकते. म्हणून पातळ डिटर्जंट, आणि तोही बेतानं. दगडावर आपटणं, ब्रशनं घासणं नको. ब्लीच नायलॉनला खातं. पाणी ४० अंशांच्या आत ठेवावं, कारण फार उष्णतेत तंतू मऊ पडून मुडपतात आणि थंड झाल्यावर त्याच आकारात ताठ होतात. इस्त्री तर अजिबात नको. बोअरच्या जड पाण्यानं क्षार साठून टॉवेल राठ झाला असेल तर थोडं सायट्रिक अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवून भरपूर पाण्यानं खळबळून घ्यावा. सुती कपड्यांबरोबर धुतलात तर त्यांची सगळी लव हा टॉवेल गोळा करतो, आणि मग ती काचेवर उतरते. वाळवायचा सावलीत, कारण ऊन नायलॉनला कमकुवत करतं. पावसाळ्यात पंख्याखाली पसरावा. ओला दडपून ठेवला तर बुरशी धरतो.

जमिनीवर पडलेला टॉवेल धुतल्याशिवाय रंगाला लावू नये. चाकांसाठी वापरलेला तर धुऊनही परत रंगावर नको, कारण ब्रेकच्या पॅडमधून आणि डिस्कमधून झडलेले लोखंडाचे कण लवेत रुतून बसतात. शोषण मंदावलं, लव चिकटून गुठळ्या झाल्या की टॉवेलाची पायरी खाली येते: रंगावरून दरवाजांच्या कडांवर, तिथून चाकांवर, शेवटी इंजिनाच्या कप्प्यात. घडीच्या कोपऱ्यात मार्करनं खूण केली की गल्लत होत नाही.

हे टॉवेल प्लॅस्टिकचे आहेत, आणि प्रत्येक धुण्यात त्यांचे तुटलेले तंतू सांडपाण्यात जातात. ते इतके बारीक असतात की सगळे अडवता येत नाहीत. कमी उष्णता, कमी घासणं आणि तंतू अडवणारी बारीक जाळीची पिशवी यांनी प्रमाण घटतं. पिशवीत साठलेली लव बेसिनमध्ये न झटकता कोरड्या कचऱ्यात टाकावी.