नोबिताचा कंटाळा का येत नाही?

दर काही महिन्यांनी मुलांच्या लाडक्या जपानी कार्टून मालिकांविषयी एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. नोबिता हा कोमात गेलेला मुलगा असून डोरेमॉन हे त्याला पडलेले स्वप्न आहे. शिनचॅन नावाचा खरा मुलगा अपघातात दगावला आणि त्याच्या आईने त्याच्या आठवणीत ही चित्रे काढली. म्हणूनच ही मुले कधी मोठी होत नाहीत, असा त्याचा आशय असतो. अनेक पालक हळहळत तो पुढे पाठवतात. यातले काहीही खरे नाही. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने लिहिणाऱ्या हिरोशी फुजिमोतो यांनी १९६९ च्या अखेरीस मुलांच्या मासिकांसाठी आळशी नोबिता आणि पोटावरच्या खिशातून अद्भुत उपकरणे काढून त्याला मदत करणारे यंत्रमांजर डोरेमॉन यांची चित्रकथा सुरू केली, तर शिनचॅनची चित्रकथा योशितो उसुई या चित्रकाराने १९९० मध्ये एका साप्ताहिकात आणली आणि १९९२ पासून ती दूरचित्रवाणीवर दिसू लागली. उसुई २००९ मध्ये डोंगरावरून पडून मरण पावले. त्यानंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रकथा पुढे चालू ठेवली.

या अफवेत दडलेला प्रश्न मात्र चांगला आहे, आणि त्याचे खरे उत्तर अफवेपेक्षा कितीतरी रंजक आहे. तीच मुले, तीच शाळा, तेच मोकळे मैदान, तोच रट्टा आणि तेच रडगाणे शेकडो भागांत पाहूनही प्रेक्षक हसतो कसा? आपला मेंदू तर पुनरावृत्तीला फार लवकर विटतो, असे आपण समजून चालतो.

या प्रकारातले सर्वात टोकाचे उदाहरण भारतात फारसे माहीत नाही. माचिको हासेगावा यांच्या चित्रकथेवर आधारित ‘साझाए-सान’ ही मालिका ५ ऑक्टोबर १९६९ रोजी जपानमध्ये सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. सर्वाधिक काळ चाललेली अॅनिमेशन मालिका म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. रविवारी संध्याकाळी साडेसहा वाजता लागणाऱ्या अर्ध्या तासात तीन छोट्या गोष्टी असतात. एकाच घरात राहणारे आजी-आजोबा, मुलगी, जावई, धाकटी भावंडे आणि नातू यांच्या घरगुती गमतीजमतींपलीकडे त्यांत काही घडत नाही. चेरीचा बहर येतो, पावसाळा येतो, नवे वर्ष साजरे होते, पण कोणाचेही वय एका दिवसानेही वाढत नाही. मुख्य पात्राला पहिल्या भागापासून मिदोरी कातो यांचाच आवाज आहे. बदलाला एवढा ठाम नकार देणारी करमणूक पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकते, याचा अर्थ पुनरावृत्तीविषयीची आपली समजूत कुठेतरी अपुरी आहे.

ती समजूत ज्या घटनेवर उभी आहे, तिला मानसशास्त्रात ‘हॅबिच्युएशन’ म्हणतात. आपण त्याला सरावणे म्हणू. पंखा सुरू केल्यावर त्याचा आवाज काही मिनिटांत जाणवेनासा होतो, तो याच कारणाने. रिचर्ड थॉम्पसन आणि विल्यम स्पेन्सर यांनी १९६६ मध्ये या घटनेची वैशिष्ट्ये पद्धतशीरपणे मांडली. उत्तेजना पुन्हा पुन्हा दिली की प्रतिसाद मंदावतो. मध्ये खंड पडला की तो आपोआप परततो. आणि वेगळी, जोरदार उत्तेजना मध्येच आली, तर जुन्या उत्तेजनेलाही पुन्हा प्रतिसाद मिळू लागतो. एरिक कँडेल यांनी अॅप्लिसिया या समुद्री गोगलगाईत या घटनेचे पेशीपातळीवरचे कारण शोधले. तिच्या नळीसारख्या अवयवाला हलकासा स्पर्श केला की ती आपला कल्ला आत ओढून घेते. असा स्पर्श वारंवार झाला, तर संवेदी पेशीकडून स्नायू हलवणाऱ्या पेशीकडे सोडल्या जाणाऱ्या रासायनिक संदेशवाहकाचे प्रमाण घटत जाते आणि कल्ला जेमतेम हलतो. स्मृतीच्या पेशीय आधारावरील या संशोधनासाठी कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

यावरून पटकन सुचणारे स्पष्टीकरण असे, की मालिका आठवड्यातून एकदाच लागते, मधल्या सहा दिवसांत प्रतिसाद परततो, आणि म्हणून कंटाळा येत नाही. हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. अॅप्लिसियावरच्या प्रयोगांत असे दिसले, की स्पर्शांच्या मालिका अंतराअंतराने, वेगवेगळ्या दिवशी विभागून दिल्या, तर सरावणे उलट अधिक टिकाऊ होते आणि कित्येक आठवडे राहते. म्हणजे साप्ताहिक खंडावरच भिस्त ठेवली असती, तर साझाए-सानला प्रेक्षकांनी १९७१ च्या आसपासच रामराम ठोकला असता. शिवाय आपल्याकडच्या वाहिन्या हिंदीत डब केलेले डोरेमॉन आणि शिनचॅनचे भाग पुन्हा पुन्हा दाखवत असतात, आणि मराठी घरांतली मुले तेही आवडीने पाहतात. खरे उत्तर खंडात नाही, ते सरावण्याच्या आणखी एका गुणधर्मात आहे, आणि माझ्या मते मेंदूविज्ञानातल्या सर्वात सुंदर कल्पनांपैकी ती एक आहे.

सोव्हिएत शास्त्रज्ञ येवगेनी सोकोलोव्ह यांच्या लक्षात आले, की सरावलेला मेंदू झोपलेला नसतो. एकाच लांबीचा, एकाच पट्टीतला आवाज अनेकदा ऐकवल्यावर माणूस दचकण्याचे, कान टवकारण्याचे थांबतो. पण तोच आवाज नेहमीपेक्षा थोडा लवकर बंद केला, तर प्रतिसाद परततो, आणि तोही बरोबर त्या क्षणी, ज्या क्षणी आवाज चालू असायला हवा होता पण शांतता आली. आवाज मोठा करण्याची गरज नाही. तो थोडा हळू केला तरी पुरते. उत्तेजना कमी झाल्यावर प्रतिसाद वाढतो, याचे एकच सयुक्तिक स्पष्टीकरण आहे. मेंदूने त्या आवाजाची एक प्रतिकृती आत तयार करून ठेवलेली असते आणि येणारी प्रत्येक गोष्ट तो त्या प्रतिकृतीशी ताडून पाहतो. जुळली तर प्रतिसाद दाबला जातो. जुळली नाही तर सारे लक्ष तिकडे वळते. सरावणे म्हणजे थकवा नव्हे, तो अचूक होत गेलेला अंदाज आहे.

पुढे १९७८ मध्ये फिनलंडचे रिस्तो नॅटॅनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विसंगतीची खूण मेंदूच्या विद्युत् आलेखात दाखवून दिली. माणसाला पुस्तक वाचायला बसवायचे, कानात एकसारखा स्वर ठरावीक अंतराने वाजवत ठेवायचा आणि क्वचित मध्येच थोडा वेगळा स्वर वाजवायचा. ऐकणाऱ्याचे लक्ष पुस्तकात असले, तरी त्या वेगळ्या स्वरानंतर साधारण १५० ते २०० मिलिसेकंदांनी आलेखात एक ऋण लाट उमटते. तिला ‘मिसमॅच निगेटिव्हिटी’ असे नाव आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा कळीचा गुण असा, की वेगळा स्वर जितका दुर्मीळ आणि त्याच्या आधी नेहमीचा स्वर जितक्या अधिक वेळा वाजलेला, तितकी ही लाट मोठी असते. स्वर तोच, पट्टीतला फरकही तोच. केवळ आधीची पुनरावृत्ती वाढली म्हणून धक्का वाढला.

मेंदू सतत अंदाज बांधत असतो, असे मानणाऱ्या, मेंदूशास्त्रज्ञ कार्ल फ्रिस्टन आणि इतरांनी विकसित केलेल्या सिद्धांतात ही बाब गणिती रूपात येते. अंदाज आणि वास्तव यांतील फरक मेंदू जसाच्या तसा मोजत नाही. त्या अंदाजात मुळात जितकी अनिश्चितता असेल, तिने तो फरक भागला जातो. अनिश्चितता म्हणजे इथे प्रसरण, अर्थात पूर्वानुभवातील मूल्ये सरासरीच्या भोवती किती पसरलेली आहेत याचे माप. प्रसरण लहान, तर भागाकार मोठा. रोज मिनिटाच्या फरकाने येणारी लोकल दहा मिनिटे उशिरा आली, तर फलाटावर कुजबूज सुरू होते. आडवळणाच्या गावी कधीही येणाऱ्या एसटीला तेवढाच उशीर झाला, तर कोणी मान वर करून पाहत नाही. पुनरावृत्तीमुळे प्रसरण घटते, आणि म्हणून अगदी छोटा बदलही मोठ्या वजनाने नोंदवला जातो.

आता डोरेमॉनमधला एक प्रसंग पाहा. लाकूडतोड्याच्या गोष्टीसारखे एक तळे डोरेमॉन खिशातून काढतो. जुनी वस्तू त्यात टाकली की पाण्यातून देवी वर येते, ‘तुझी वस्तू हीच का?’ असे विचारत नवीकोरी, अधिक चांगली वस्तू पुढे करते आणि खरे बोलणाऱ्याला ती देऊन टाकते. शेवटी दांडगट जियानच त्या तळ्यात पडतो. देवी एक देखणा, सौम्य, डोळ्यांत चमक असलेला जियान घेऊन वर येते आणि विचारते, तुमचा जियान हाच का? मुले प्रामाणिकपणे सांगतात, की आमचा याहून बराच ओंगळ आहे. आणि देवी प्रामाणिकपणाचे बक्षीस म्हणून तो देखणा जियान त्यांच्या हवाली करते. ज्याने डोरेमॉन कधीच पाहिलेले नाही, त्याला हे चित्र दाखवले, तर त्याला एक बऱ्या चेहऱ्याचा मुलगा दिसेल. शेकडो वेळा मुलांना बदडणारा आणि भसाड्या आवाजात गाणारा जियान पाहिलेल्या प्रेक्षकाला मात्र हसू आवरत नाही. ते हसू त्या एका चित्रात नाही. आधीच्या शेकडो भागांनी कमी करत आणलेल्या प्रसरणात ते साठलेले आहे.

येथे एक सावधगिरी हवी. कानावर पडणाऱ्या स्वरापासून विनोदापर्यंतची उडी मोठी आहे, आणि ती एका दमात मारू नये. मधली एक पायरी भाषेच्या अभ्यासात मिळते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये ‘त्याने गरम पावाला मोजे फासले’ अशा अर्थाची वाक्ये लोकांना वाचायला दिली, तेव्हा अर्थाशी न जुळणाऱ्या शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी आलेखात ऋण लाट दिसली. म्हणजे ताडून पाहण्याचे काम अर्थाच्या पातळीवरही चालते. तरी पावाला मोजे फासल्याचे वाक्य विचित्र आहे, विनोदी नाही. जेरी सल्स यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या द्विपदरी प्रारूपानुसार विनोदाला दोन गोष्टी लागतात: आधी विसंगती, आणि लगेच तिची उकल. अनपेक्षित घडले पाहिजे, पण ‘अरे, हे असेच व्हायला हवे होते’ असे दुसऱ्या क्षणी वाटलेही पाहिजे.

दीर्घायुषी मालिकांची रचना या दुसऱ्या अटीसाठी अत्यंत सोयीची असते, कारण उकलीचे नियम प्रेक्षकाला आधीच पाठ असतात. डोरेमॉनच्या एका गोष्टीत चेस्टनटचा गोड वडा दर पाच मिनिटांनी दुप्पट करणारे औषध येते. अट एवढीच, की शेवटचा वडा खाऊन संपवायचा. ज्याला नोबिता ठाऊक आहे त्याला कळतेच, की तो संपवणार नाही. आणि खरेच, पोट भरल्यावर उरलेला वडा तो गुपचूप कचऱ्यात टाकतो. पुढचे काम गणित करते. पाच मिनिटांना एक दुप्पट, म्हणजे तासाला बारा. एका वड्याचे तासाभरात ४,०९६ आणि दोन तासांत १,६७,७७,२१६. अखेर वाढत चाललेला तो ढीग डोरेमॉनला अग्निबाणात भरून अवकाशात सोडून द्यावा लागतो. नवे काय होते? केवळ एक उपकरण आणि त्याचा एक नियम. नोबिताचा आळस, डोरेमॉनचा भाबडा चांगुलपणा, शेवटी उडणारी त्रेधा, हे सारे जुनेच. एक चल बदलायचा आणि बाकीचे स्थिर ठेवायचे, ही प्रयोगशाळेतली शिस्तच या लेखकाने विनोदासाठी वापरली आहे.

पात्रे मोठी का होत नाहीत, याचे उत्तर यातूनच मिळते. नोबिता या वड्यांवरून काही शिकला, पुढच्या आठवड्यात शहाण्यासारखा वागला, तर प्रेक्षकाच्या मनातली प्रतिकृती बिघडेल, प्रसरण वाढेल आणि पुढच्या प्रत्येक विसंगतीचे वजन घटेल. शिनचॅन पाच वर्षांचाच राहतो तो याचसाठी. त्याला मृत्यूची किंवा कोमाची जोड देणाऱ्यांनी एका विचारपूर्वक घेतलेल्या कलात्मक निर्णयाला भुताटकीचे रूप दिले आहे, आणि लहान मुलांना ते ऐकवणे मला अजिबात योग्य वाटत नाही. तितकाच आक्षेप ‘कार्टूनमुळे मुलांच्या मेंदूत डोपामिनचा पूर येतो’ अशा भडक विधानांना घ्यायला हवा. विनोदी चित्रे पाहताना मेंदूतील बक्षीस-यंत्रणेचे भाग, विशेषतः न्यूक्लियस अॅक्युम्बेन्स, सक्रिय होतात, हे डीन मॉब्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये स्कॅनच्या साहाय्याने दाखवले हे खरे. पण त्या प्रयोगात स्वयंसेवक साधी व्यंगचित्रे पाहत होते. चांगल्या विनोदाला हसणारा निरोगी मेंदू असाच वागतो. मुलांनी किती वेळ पडद्यासमोर बसावे, हा प्रश्न झोप, खेळ आणि डोळे यांच्या संदर्भात जरूर विचारावा. त्यासाठी एका रसायनाचा बागुलबुवा उभा करण्याची गरज नाही.

प्रतिकृतीचा हा सिद्धांत मालिकांच्या अडचणीही समजावून सांगतो. आवाज हा प्रतिकृतीचा फार खोल भाग असतो. डोरेमॉनला १९७९ पासून नोबुयो ओयामा यांचा आवाज होता. २००५ मध्ये मुख्य कलाकार एकाच वेळी बदलले गेले आणि चित्रणाची शैलीही नवी आली. शिनचॅनचा आवाजही २०१८ मध्ये अकिको याजिमा यांच्याकडून युमिको कोबायाशी यांच्याकडे गेला. असा बदल विसंगती असतो, पण त्याला उकल नसते. म्हणून तो खटकतो, हसवत नाही, आणि नव्या आवाजाची प्रतिकृती तयार होईपर्यंत काही भाग जावेच लागतात.

दुसरी अडचण अधिक बिकट आहे. अपवाद वारंवार आला की तोच नियम होतो. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘गिंतामा’ या मालिकेची गंमत अशी, की त्यातली पात्रे स्वतःच्याच मालिकेची, तिच्या तुटपुंज्या निधीची आणि इतर लोकप्रिय मालिकांची टिंगल करतात. पहिल्या काही भागांत हे धक्कादायक वाटते, पण पन्नासाव्या भागापर्यंत प्रेक्षक त्याचीच वाट पाहू लागतो. तेव्हा ही मालिका अधूनमधून चक्क गंभीर होते. अनेक भाग चालणारी, रक्त आणि विरह यांनी भरलेली कथानके येतात आणि मग पुन्हा वेडेपणा सुरू होतो. थॉम्पसन आणि स्पेन्सर यांच्या यादीतली जोरदार, वेगळी उत्तेजना ती हीच. तिच्यानंतर जुन्या विनोदालाही नव्याने प्रतिसाद मिळतो. ३६७ भागांनंतर, २०१८ मध्ये, मालिकेचे दूरचित्रवाणीवरील प्रसारण थांबले.

डोरेमॉनने हा उपाय मालिकेबाहेर ठेवला. १९८० पासून जवळजवळ दरवर्षी येणाऱ्या त्याच्या चित्रपटांत हाच जियान जीव धोक्यात घालून नोबितासाठी उभा राहतो, मित्रांसाठी रडतो, संकटाला भिडतो; आणि पुढच्या आठवड्यातल्या भागात तो पुन्हा नोबिताचे पुस्तक हिसकावून पळत असतो. चित्रपटातला तो पराक्रम मालिकेत कोणालाही आठवत नाही, हे लेखकांचे विस्मरण मानू नये, कारण तो दर आठवड्याला शूर निघू लागला असता, तर पुढच्या चित्रपटातल्या त्याच्या शौर्याने कोणाचाही ऊर भरून आला नसता.